फ्रेंच फायान्सची रंगीत शिळाछाप चित्रे : एका दुर्लक्षित ऐतिहासिक साधनाची चिकित्सा

प्रास्ताविक

इतिहासाच्या साधनांची चर्चा करताना आपण कागदपत्रे, शिलालेख, नाणी आणि प्रवासवर्णने यांचा विचार प्राधान्याने करतो. चित्रांना मात्र बहुधा मजकुराची शोभा वाढविणारी पुरवणी एवढेच स्थान मिळते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये जुन्या नक्षीदार मृत्तिकापात्रांची, म्हणजेच ‘फायान्स’ची, जी रंगीत शिळाछाप चित्रे प्रसिद्ध झाली, त्यांच्याही वाट्याला हेच आले. ही चित्रे मुळात मोठ्या आकाराच्या अभ्यासग्रंथांसाठी तयार झाली होती. पुढे जुन्या चित्रांच्या व्यापारात असे अनेक ग्रंथ उसवले गेले आणि त्यांची पाने सुटी विकली जाऊ लागली. आज अशा सुट्या पानावर एक सुंदर थाळी दिसते, खाली एखाद्या गावाचे नाव दिसते, आणि पाहणारा ते पान सतराव्या किंवा अठराव्या शतकाचा थेट पुरावा समजून चालतो. युरोपचा इतिहास शिकविताना प्रस्तुत लेखकानेही अशी चित्रे वर्गात याच समजुतीने दाखविली होती. ती समजूत किती अपुरी होती, याची जाणीव या लेखामागे आहे.

असे प्रत्येक चित्र एकाच वेळी दोन काळांची साक्ष देते : भांडे ज्या काळात घडले तो काळ आणि चित्र ज्या काळात छापले गेले तो काळ. त्यातही दुसऱ्या काळाची साक्ष अधिक भरवशाची असते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी प्रथम फायान्सचा इतिहास, नंतर चित्रांचे छपाईतंत्र, त्यानंतर काही प्रमुख ग्रंथ आणि शेवटी साधन म्हणून या चित्रांच्या मर्यादा, या क्रमाने विवेचन केले आहे.

फायान्स : तंत्र आणि सामाजिक पार्श्वभूमी

फायान्स हा शब्द इटलीतील फाएन्झा या गावाच्या नावावरून आला आहे. साध्या मातीचे भांडे एकदा भाजून घ्यावयाचे, त्यावर कथिलाचे भस्म मिसळलेली झिलई चढवावयाची आणि त्या कोरड्या पांढऱ्या थरावर रंगकाम करून भांडे पुन्हा भट्टीत घालावयाचे, असे हे तंत्र आहे. कथिलामुळे झिलई अपारदर्शक व दुधासारखी पांढरी होते आणि खालच्या मातीचा पिवळा-तांबूस रंग झाकला जातो. न भाजलेल्या झिलईवर काढलेली रेघ टिपकागदावरील शाईप्रमाणे तत्काळ शोषली जाते, त्यामुळे ती पुसून दुरुस्त करता येत नाही. शिवाय तीव्र आचेत टिकणारे रंग मोजकेच असतात : कोबाल्टचा निळा, मँगनीजचा जांभळा, अँटिमनीचा पिवळा, तांब्याचा हिरवा आणि लोहाचा तांबडा. अठराव्या शतकाच्या मध्यास स्ट्रासबर्ग येथील हान्नोंग घराण्याच्या कारखान्यात आधीच भाजलेल्या झिलईवर मंद आचेचे रंग देण्याची पद्धत रूढ झाली आणि गुलाबी छटेची नाजूक फुले भांड्यांवर उमलली.

फ्रान्समध्ये ही कला प्रामुख्याने इटलीतून आली. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात नेव्हेरची सरदारकी मूळच्या इटालियन गोंझागा घराण्याकडे होती. त्या काळात लिगुरियातील अल्बिसोला येथून आलेल्या कोन्राद बंधूंनी नेव्हेर येथे बस्तान बसविले. रूआँ येथे १६४४ मध्ये निकोला प्वारेल याला मिळालेला एकाधिकार पुढे एदम पोतेरा याच्या हाती आला आणि तेथील उद्योगाचा पाया घातला गेला. दक्षिणेत मुस्तिए आणि मार्सेय ही केंद्रे नावारूपाला आली.

या भांड्यांना श्रीमंतांच्या पंगतीत स्थान मिळाले ते मात्र युद्धखर्चामुळे. लुई चौदावा याने १६८९ मध्ये व्हर्सायमधील चांदीचे सामान वितळवून त्याची नाणी पाडली. पुढे स्पेनच्या वारसायुद्धाच्या काळात, १७०९ मध्ये, पुन्हा एकदा चांदीची भांडी टांकसाळीकडे गेली. दरबारी स्मृतिकार सँ-सिमाँ याने नोंदविले आहे, की आठवड्याभरातच बड्या घरांनी फायान्सची भांडी स्वीकारली. चांदीच्या भांड्यांवरील कोरीव नक्षीची जागा रूआँच्या निळ्या झालरीसारख्या नक्षीने घेतली. मातीचे भांडे प्रतिष्ठित झाले त्याचे एक मोठे कारण राज्याची तिजोरी रिकामी होणे हे होते, ही बाब सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

ही प्रतिष्ठा शतकभरही टिकली नाही. एकीकडे श्रीमंतांना चिनी मातीच्या भांड्यांचे आकर्षण वाटू लागले, तर दुसरीकडे १७८६ च्या इंग्लंड-फ्रान्स व्यापारी करारानंतर इंग्लंडची हलकी, स्वस्त व मजबूत भांडी फ्रेंच बाजारात आली. क्रांतीच्या काळात नेव्हेरसारख्या ठिकाणी घोषणा व प्रतीके रंगविलेल्या थाळ्या तयार झाल्या खऱ्या, परंतु उद्योगाची उतरण थांबली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी जुने फायान्स हे माळ्यावर टाकून देण्याजोगे भांडे झाले होते.

टाकाऊ वस्तूचा वारसा झाला

सेव्र येथील राजकीय कारखान्याचे संचालक आलेक्सांद्र ब्राँन्यार यांनी १८२४ मध्ये तेथे मृत्तिकाशिल्पाचे संग्रहालय उभारले. त्यांची दृष्टी शास्त्रज्ञाची होती. माती, झिलई व भाजणी यांवरून त्यांनी भांड्यांचे वर्गीकरण केले. संग्रहालयाची पद्धतशीर वर्णनसूची १८४५ मध्ये चित्रांसह प्रसिद्ध झाली. पुढच्या पिढीतील संग्राहकांची दृष्टी मात्र निराळी होती. त्यांना भांड्यात गावाचा आणि प्रांताचा इतिहास दिसत होता. शांफ्लरी या वास्तववादी लेखकाने क्रांतिकाळातील थाळ्यांवर १८६७ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि सामान्य माणसाच्या घरातील थाळीसुद्धा राजकीय इतिहासाचे साधन ठरते, असा आग्रह धरला. पुढे तेच सेव्रच्या संग्रहांचे प्रमुख झाले.

या वाढत्या आस्थेला एक अडचण होती. भांडी विखुरलेली होती आणि ती शेजारी ठेवून तुलना करणे अशक्य होते. कोरीव ठशांच्या काळ्या-पांढऱ्या चित्रांतून आकार कळत असे, पण फायान्सचा प्राण असलेला रंग कळत नसे. त्या काळातील छायाचित्रालाही रंग साधत नव्हता. ही उणीव रंगीत शिळाछापाने भरून काढली.

रंगीत शिळाछापाचे तंत्र

शिळामुद्रणाचा शोध आलोइस सेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात लावला. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, या साध्या तत्त्वावर ते आधारलेले आहे. झोल्नहोफेनच्या बारीक कणांच्या चुनखडी दगडावर स्निग्ध खडूने किंवा शाईने चित्र काढतात, डिंक व सौम्य आम्ल यांनी दगडावर संस्कार करतात आणि तो ओला करून त्यावर शाईचा रूळ फिरवितात. शाई फक्त स्निग्ध भागाला चिकटते. म्युलूझ येथील गोदफ्रुआ एंगलमान याने १८३७ मध्ये रंगीत शिळामुद्रणाचे एकस्व मिळविले. त्यात प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र छपाई करावी लागते. एका थाळीच्या चित्रासाठी दहा-बारा किंवा त्याहूनही अधिक वेळा तोच कागद यंत्रातून जात असे आणि दर वेळी तो खुणांशी अचूक जुळवावा लागे. खूण केसभर सरकली तरी निळ्या नक्षीच्या कडेला रंगाची पुसट सावली उमटे.

हे तंत्र महाराष्ट्रातील वाचकाला अपरिचित नाही. पुण्याच्या चित्रशाळेने १८७८ पासून आणि मुंबईत १८९४ मध्ये सुरू झालेल्या रविवर्मा छापखान्याने घरोघरी पोहोचविलेली देवादिकांची चित्रे याच शिळामुद्रणाच्या कुळातील होत. त्या चित्रांकडे पाहताना छापील पत्र म्हणजे मूळ चित्र नव्हे, याचे भान अभ्यासक ठेवतात. फायान्सच्या चित्रांत तर अंतर आणखी एका पायरीने वाढते. मूळ वस्तू भांडे आहे. त्यावरून कोणीतरी जलरंगात चित्र काढले, त्या चित्राचे रंग दुसऱ्याने वेगळे करून दगडांवर उतरविले आणि तिसऱ्याने ते छापले. या साखळीतील प्रत्येक हाताने काही ना काही निवड केली आहे.

काही प्रमुख ग्रंथ

आंरी व कार्ल देलांज यांनी १८६१ मध्ये एका अत्यंत दुर्मीळ फ्रेंच मृत्तिकाशिल्पाच्या सर्व ज्ञात नमुन्यांचा चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. पांढऱ्या मातीत गडद मातीची नक्षी भरलेली ही सोळाव्या शतकातील भांडी काटेकोर अर्थाने कथिलाच्या झिलईची नव्हेत, परंतु त्या काळी त्यांनाही फायान्सच म्हणत. नक्षीतील चंद्रकोरी व अक्षरबंध यांवरून त्यांचा संबंध राजा दुसरा आंरी आणि दियान द प्वातिए यांच्याशी जोडला गेला होता आणि ग्रंथाच्या शीर्षकात तीच नावे आली. पुढच्याच वर्षी बेंजामिन फियों यांनी या भांड्यांचे उगमस्थान वारों येथील गढी असल्याचे मत मांडले. १८८८ मध्ये एदमों बोनाफे यांनी सोळाव्या शतकातील मालमत्तेच्या यादीतील उल्लेखाच्या आधारे सँ-पोर्शेर हे नाव पुढे आणले आणि तेच आज रूढ आहे. म्हणजे सत्तावीस वर्षांत एकाच भांड्याला तीन नावे लाभली, परंतु चित्राखालचे छापील नाव बदलले नाही. ग्रंथातून सुटलेले पान आजही जुनेच नाव घेऊन फिरते.

कार्ल देलांज यांनीच सी. बोर्नमान यांच्यासह १८६२ मध्ये बर्नार पालिसी याच्या कामाचा चित्रग्रंथ सिद्ध केला. मासे, साप, बेडूक व शंख यांच्या उठावाकृती असलेल्या पालिसीच्या थाळ्या शिशाच्या रंगीत झिलईच्या आहेत. या ग्रंथाच्या शीर्षकातच पालिसीच्या ‘अनुयायांचा व अनुकरण करणाऱ्यांचा’ उल्लेख आहे, हा संपादकांचा प्रामाणिकपणा म्हणावा लागेल. तूरचे शार्ल-जाँ आव्हिसो आणि त्यांच्या मागोमाग इतर कारागीर १८४० च्या दशकापासून पालिसीच्या धर्तीची भांडी घडवीत होतेच. १९८० च्या दशकात पॅरिसमध्ये लूव्ह्रच्या परिसरात झालेल्या उत्खननांत पालिसीच्या कार्यशाळेचे अवशेष मोठ्या प्रमाणात हाती आले. त्यामुळे त्याच्या नावावर जमा असलेल्या कामाकडे अधिक सावधपणे पाहणे शक्य झाले आहे. म्हणून १८६२ चे चित्र पालिसीने काय घडविले हे निश्चितपणे सांगत नाही, तर १८६२ मध्ये पालिसीचे म्हणून काय मानले जात होते हे निश्चितपणे सांगते.

रूआँच्या फायान्सचा इतिहास आंद्रे पोतिए यांनी लिहिला. ते त्या शहराचे ग्रंथपाल होते आणि स्थानिक भांड्यांचे साक्षेपी संग्राहकही. १८६७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा ग्रंथ मित्रांनी १८७० मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील ६० रंगीत चित्रपत्रे एमिली पोतिए यांच्या रेखाटनांवरून छापली आहेत. या स्त्री-चित्रकाराचे नाव ग्रंथाच्या शीर्षकपत्रावर आहे, ही त्या काळात विशेष नोंद घेण्याजोगी बाब होय. पान सुटे झाले की सर्वप्रथम हरवते ते हेच नाव. अठराव्या शतकात ज्यांनी ती भांडी रंगविली, त्यांपैकी बहुतेकांची नावे तर आधीच हरवलेली आहेत. पिएर शापेल याने १७२५ मध्ये रूआँ येथे खगोल व भूगोल यांचे फायान्सचे भव्य गोल रंगवून त्यांवर आपले नाव नोंदविले. असे अपवाद थोडे आहेत.

रि-पाको यांचा फ्रेंच व परकीय जुन्या फायान्सचा सर्वसाधारण इतिहास १८७४ ते १८७६ या काळात आमिआँ येथून निघाला. त्यात २०० रंगीत पत्रे आणि १४०० चिन्हे व आद्याक्षरे दिली आहेत, तसेच चित्रांवर हाताने रंगाचा शेवटचा संस्कार केला आहे. हा ग्रंथ पंडितांपेक्षा संग्राहकांसाठी होता. भांड्याच्या बुडाशी असलेले चिन्ह पाहावे, ग्रंथातील चिन्हाशी ताडावे आणि गाव ठरवावे, अशी सोय त्यात होती. या ग्रंथाचा काळही लक्षात घेतला पाहिजे. १८७१ मध्ये स्ट्रासबर्ग जर्मनीकडे गेले होते. तरीही फ्रेंच संग्राहकांनी स्ट्रासबर्गच्या भांड्यांना आपल्या फायान्सच्या इतिहासातून वगळले नाही. पराभवानंतरच्या फ्रान्समध्ये प्रांताप्रांतांच्या भांड्यांची अशी मांडणी राष्ट्राच्या मालमत्तेच्या मोजदादीसारखीच होती, असे म्हणावयास जागा आहे.

साधन म्हणून मर्यादा

पहिली मर्यादा रंगाची आहे. भांड्यावरील निळा रंग कोबाल्टचा असून तो झिलईत मुरलेला असतो. त्याची कड किंचित पसरते आणि रंगाची खोली झिलईच्या जाडीवर ठरते. कागदावरील निळी शाई पृष्ठभागावर बसते. भांड्याचा पांढरा रंग कथिलामुळे येतो, तर चित्रातील पांढरेपणा बहुधा कागदाचाच असतो आणि दीडशे वर्षांत तो पिवळा पडलेला असतो. म्हणून रूआँच्या झिलईला पिवळसर झाक होती, असा निष्कर्ष छापील पानावरून काढणे धोक्याचे आहे.

दुसरी मर्यादा आकाराची. थाळी सपाट असल्यामुळे ती कागदावर चांगली उतरते. सुरई, घट किंवा दीपपात्र यांची मात्र एकच बाजू दिसते. वजन, जाडी, मागची बाजू आणि बुडावर उरलेल्या भाजणीच्या खुणा चित्रात सहसा येत नाहीत. अनेकदा कपच्या उडालेली कडही चित्रकाराने सावरून घेतलेली असते. रोज जेवलेल्या थाळीवरील सुरीचे ओरखडे चित्रात गळतात. अशा रीतीने वापराचे भांडे कागदावर येताच केवळ शोभेची वस्तू बनते.

तिसरी मर्यादा निवडीची होय. संग्राहकाने जे जपले तेच चित्रकारापुढे आले. साध्या पांढऱ्या थाळ्या, औषधविक्रेत्यांच्या बरण्यांतील सामान्य नमुने आणि सदोष माल यांना रंगीत पत्राचा खर्च कोण देणार? त्यामुळे या ग्रंथांतून दिसणारे फायान्स प्रत्यक्षातील फायान्सपेक्षा अधिक श्रीमंत दिसते.

चौथी बाब मर्यादेपेक्षा गंभीर आहे. ही चित्रे केवळ भांड्यांनंतर आली असे नाही, तर त्यांच्या काळात नवी भांडीही जन्माला आली. १८२१ मध्ये स्थापन झालेल्या झिएँ येथील कारखान्याने रूआँ व मुस्तिए येथील जुन्या नक्षींची पुनर्निर्मिती करून नाव मिळविले. इंग्लंडमधील मिंटन कारखान्यात लिओं आर्नू आणि नंतर चार्ल्स टॉफ्ट यांनी आंरी धर्तीची भांडी घडविली. हे सर्व उघडपणे चालले होते. परंतु क्रांतिकाळातील थाळ्यांना संग्राहकांची मागणी वाढताच बनावट थाळ्याही बाजारात आल्या. अस्सल ओळखता यावे म्हणून छापलेली चिन्हांची सूची नक्कल करणाऱ्यालाही तितकीच उपयोगी पडते. परिणामी एखादे भांडे चित्राशी तंतोतंत जुळते, हा त्याच्या अस्सलपणाचा पुरावा मानता येत नाही. क्वचित तो संशयाचे कारण ठरू शकतो.

मग या चित्रांचे मूल्य कोणते? त्यांच्या काळातील अभिरुची, वर्गीकरण, मुद्रणकौशल्य, प्रांताभिमान आणि बाजार यांची ती प्रथम दर्जाची साधने आहेत. शिवाय चित्रातील मूळ भांडे आज सापडत नसेल, तर त्याची एकमेव नोंदही तेथेच असू शकते. हा प्रश्न केवळ फ्रान्सपुरता नाही. लंडनहून १८८४ पासून निघालेल्या भारतीय कलाविषयक नियतकालिकात विल्यम ग्रिग्ज यांनी छापलेली आपल्या कारागिरीची रंगीत पत्रे आपण आधारासाठी घेतो, तेव्हा हीच चिकित्सा तेथेही लावावी लागते.

निष्कर्ष

१) फ्रेंच फायान्सची रंगीत शिळाछाप चित्रे ही सतराव्या-अठराव्या शतकांची दुय्यम, तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाची प्राथमिक साधने होत.

२) चित्राखालील नाव हे त्या वर्षाचे मत असते. सँ-पोर्शेरच्या उदाहरणावरून ते किती लवकर बदलू शकते हे स्पष्ट होते.

३) रंग, आकार व निवड यांबाबत चित्राचा निर्वाळा प्रत्यक्ष भांड्याशी ताडल्याशिवाय स्वीकारू नये.

४) या चित्रांमुळे टाकाऊ ठरलेल्या मातीच्या भांड्यांना राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळण्यास मोठा हातभार लागला, आणि त्याच चित्रांनी नक्कल करणाऱ्यालाही साहाय्य केले.

५) ग्रंथापासून तोडलेल्या पानाचे सौंदर्य उरते, पण वर्ष, लेखक, चित्रकार आणि सोबतचे विवेचन नष्ट होते. म्हणून महाविद्यालयीन ग्रंथालयांनी जुने सचित्र ग्रंथ उसवू देऊ नयेत. संग्रही सुटी पाने असल्यास त्यांच्या कडेवरील मुद्रकाचे नाव, पत्रक्रमांक आणि मागील बाजू यांची नोंद करून ठेवावी. भिंगाखाली बारीक ठिपक्यांचा पोत दिसतो की कुंचल्याचा सलग ओघ, एवढी तपासणी केली तरी पान छापील रंगाचे आहे की हाताने रंगविलेले, याचा अंदाज येतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून हे काम करून घेणे सहज शक्य आहे, आणि साधनचिकित्सेचा पहिला धडा म्हणून ते उपयुक्तही ठरेल.